पाइस म्हणजे कोण

ताहात्रे म्हातारी वारली त्यानंतर अठराव्या दिवशी तिचा भाचा हेरोन शहरातून आला. दोन्ही मागांवर त्याने हात फिरवला, छपरातला एक बोरू ओढून पाहिला, आणि मागावर बसलेल्या कोप्रियाला मोडक्या मिसरीत, म्हणजे आमच्या इजिप्तच्या बोलीत म्हणाला, "ऊठ. तूपण कागदात आहेस."

ती उठली आणि सरळ माझ्याकडे आली. तेप्सोबी गावात ग्रीक कागद घेऊन जायला दुसरं दार नाही.

मी पेकूस. रविवारी प्रार्थनाघरात वाचक पुस्तकातलं एक वाक्य ग्रीकमध्ये वाचतो आणि थांबतो. मग तेच वाक्य मी मिसरीत सांगतो. दुभाष्याने पुस्तकाकडे पाठ करून उभं राहायचं, पानाकडे बघायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज आहे. मी बोलतो तेच पानावर लिहिलंय असं कुणाला वाटू नये, म्हणून. बाकीचे दिवस लोकांचे करार, तक्रारी, अर्ज. आम्ही भांडतो मिसरीत, रडतो मिसरीत, पण कागदावर चढायचं तर सगळ्याला ग्रीक व्हावं लागतं.

"काका, मी कागदात काय आहे?" कोप्रियाने दारातूनच विचारलं. तिच्या केसांत लोकरीचे तंतू अडकले होते. "ही नक्कल. तो म्हणाला, वाचून घे कुणाकडून, पाचव्या दिवशी न्यायाधीशासमोर यायचंय."

मी नक्कल उजेडात धरली. ताहात्रेच्या मृत्युपत्राची होती. पहिली ओळ वाचायच्या आधीच मला ती ओळखू आली.

घर, दोन माग आणि माझी पाइस कोप्रिया हे मी माझ्या बहिणीचा मुलगा हेरोन याच्या हाती सोपवते.

"पाइस म्हणजे?" ती म्हणाली.

इथे मला थांबावं लागलं. मिसरीत लेकराला एक शब्द आहे आणि गुलामाला दुसरा, आणि कितीही बिअर प्यायलेला माणूस त्यांची गल्लत करत नाही. ग्रीकांकडे दोघांना मिळून 'पाइस' हा एक शब्द आहे. पोटच्या पोरालाही पाइस, पाणी भरणाऱ्यालाही पाइस. गुलामासाठी त्यांच्याकडे 'दूलोस' असा वेगळा शब्दही आहे, पण तो कोरडा, कागदी. घरात तसं कुणी बोलत नाही.

"लेकरू," मी म्हणालो. "किंवा गुलाम. दोन्ही होतं."

"दोन्ही कसं होईल? मी एकच आहे."

"हा कागद झाला तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. लेकरू असलीस, तर म्हातारीने तुला भाच्याच्या ओटीत घातलं, सांभाळ म्हणून. गुलाम असलीस, तर घर दिलं, माग दिले, तसंच तुलाही दिलं."

तिने केसांतला एक तंतू ओढून काढला. "मी तिला आई म्हणायचे."

"गुलामही म्हणतात."

असं बोलायला नको होतं, पण ते खरं होतं, आणि हेरोन ते म्हणणारच होता. कोप्रिया या नावाचाही उपयोग नव्हता. कोप्रिया म्हणजे उकिरड्यावरची. कुणी आपल्या पोटच्या पोरीला दृष्ट लागू नये म्हणून हे नाव ठेवतं, कुणी खरोखरच उकिरड्यावरून उचललेलीला ठेवतं. ही उचललेली होती, सगळ्या गावाला माहीत होतं. उचललेल्या पोराला लेकरू म्हणून वाढवावं की गुलाम म्हणून, हे उचलणाऱ्याच्या मर्जीवर. ताहात्रेची मर्जी काय होती ते तिलाच ठाऊक.

"ज्याने लिहिलं त्याला विचारता येईल की," कोप्रिया म्हणाली.

"लेखनिक मेला. सहा वर्षं झाली."

नकलेच्या तळाशी अजून एक ओळ होती: ताहात्रेला लिहिता येत नाही, ती दुभाष्यामार्फत बोलली. दुभाष्याचं नाव नव्हतं. ती ओळ मी कोप्रियाला वाचून दाखवली नाही.

तो दुभाष्या मी होतो.

ती गेल्यावर मी ओट्यावर बसून आठवायचा प्रयत्न केला, पद्धतशीर, एकेक गोष्ट बाजूला ठेवत. अकरा वर्षांपूर्वीचा बाजाराचा दिवस. लेखनिकाची दाढ दुखत होती, जबड्याला फडकं बांधलं होतं, तो घाई करत होता. नवी चप्पल चावत होती म्हणून ताहात्रे माझ्या खांद्याला धरून उभी होती. छोटी कोप्रिया खजूर खाऊन बिया एका गाढवावर थुंकत होती, आणि गाढवाचा मालक शिव्या देत होता, त्या शिव्यासुद्धा मला आठवल्या. मी ग्रीकमध्ये काय म्हणालो तेही शब्दन् शब्द आठवलं. ताहात्रे मिसरीत काय म्हणाली ते मात्र गेलं होतं. दुभाष्याचं डोकं गाळणीसारखं असतं. त्यातून किती गेलं हे सांगता येतं, काय गेलं ते शोधायला बसण्यात अर्थ नसतो.

मग मी उलट बाजूने गेलो. ती 'लेकरू' म्हणाली असती तर मी ग्रीकमध्ये काय म्हटलं असतं? पाइस. 'गुलाम' म्हणाली असती तर? तरीही पाइसच. कारण मी ग्रीक शाळेत शिकलो नाही, जकात नाक्यावर शिकलो. आठ वर्षं तिथे पोती उतरवली. नाक्यावरचा कारकून दिवसभर "पाइस! पाणी! पाइस! शिक्का!" असं ओरडायचा, आणि पांढऱ्या दाढीचा गुलाम हमाल सारापास धापा टाकत धावायचा. दूलोस हा शब्द त्या नाक्यावर मी एकदाही ऐकला नाही. म्हणजे दोन्ही वाटा एकाच दारात येत होत्या, आणि दारावरून वाट ओळखायची काही सोय नव्हती.

त्याच दुपारी दुसरीही एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती जास्त वाईट होती. पुस्तकात एका अंमलदाराची गोष्ट आहे. घरी त्याचा पाइस आजारी पडलेला असतो, आणि हा फौजेतला मोठा माणूस येशूकडे येऊन विनवतो की, तुम्ही नुसता शब्द बोला, तो बरा होईल. चौदा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा माझ्या वाट्याला आली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सारापास उभा राहिला, आणि मी सरळ 'गुलाम' म्हणालो. त्याच पुस्तकात एका बारा वर्षांच्या मेलेल्या मुलीची गोष्ट आहे. तिचा हात धरून येशू तिला उठवतो, आणि हाक मारतो ती याच शब्दाने, पाइस. तिथे बाप शेजारी रडत असतो, म्हणून मी 'लेकरा' म्हणालो. एकाच शब्दाचे मी दोन केले, आणि चौदा वर्षांत ते मलासुद्धा कळलं नव्हतं.

मी आपा सिल्वान यांच्याकडे गेलो. ते आमच्या प्रार्थनाघराचे वडील. अंगणात बसून मसूर निवडत होते.

"आपा, त्या अंमलदाराच्या घरी आजारी कोण होतं?"

"गुलाम. तूच सांगतोस की दर वर्षी."

"मी चुकलो असेन तर?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "पेकूस, चौदा वर्षांनी तुला शंका आली? लग्न लागल्यावर नवरीचं गाव विचारण्यातला प्रकार झाला."

मी त्यांना कागदाचं सांगितलं. दुभाष्या मीच होतो हेही सांगितलं. ते बराच वेळ मसुरांतून बोटं फिरवत राहिले.

"हे बघ," ते म्हणाले. "आपल्याकडे मागच्या ओळीत कोण उभं असतं? ओन्नोफ्रीस, ती तेलघाण्यावरची दोघं, आणि ती मुकी बाई. सगळे गुलाम. वर्षातून त्या एका गोष्टीला ते मान वर करतात. एक साहेब आपल्या गुलामासाठी हात जोडतो, म्हणून. उद्या तू सांगणार, नाही बाबांनो, तो त्याचा मुलगा होता, तुमचा कुणी नव्हता?"

"मुलगा होता असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणतो."

"ते तर आणखी वाईट. लोक विचारतील, अजून काय काय माहीत नाही याला?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "न्यायाधीशासमोर पोरीच्या बाजूने बोल. मी अडवत नाही. म्हातारी 'लेकरू' म्हणाली, असं सांगून मोकळा हो. पण प्रार्थनाघरातला शब्द हलवू नकोस."

"शपथ घालतील, आपा."

"घालतील," ते म्हणाले आणि पुन्हा मसूर निवडू लागले.

पाचव्या दिवशी सकाळी धान्याच्या कोठारासमोर सावलीत न्यायाधीशासाठी खुर्ची मांडली. न्यायाधीश नेमेसियान जाडजूड, घामाघूम माणूस होता. त्याला मिसरीचा एक शब्द येत नव्हता आणि माश्यांचा फार राग होता. गाव जमलं होतं. कोप्रिया पुढे उभी होती, धुतलेल्या अंगरख्यात. मला पुस्तकावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली: जे ऐकेन तेच सांगेन, कमी नाही, जास्त नाही.

हेरोन बोलायला लागला. चांगला बोलत होता. "साहेब, कागद सरळ आहे. घर, माग, पाइस. तिन्ही एका ओळीत. आपल्या लेकराला कुणी मागाच्या शेजारी मांडतं का?"

हे मला गावाला मिसरीत सांगायचं होतं. 'पाइस'ला लेकरू म्हणावं तर हेरोनचं बोलणं मी बदलत होतो. गुलाम म्हणावं तर निकाल मीच देत होतो. मी तो शब्द तसाच ठेवला. "घर, माग, पाइस," मी म्हणालो.

"पाइस म्हणजे गुलाम!" बायकांतून तापसोइस म्हातारी मोठ्याने म्हणाली, आणि अभिमानाने इकडेतिकडे पाहिलं. "अंमलदाराचा पाइस! तेवढं ग्रीक येतं मला."

"तापसोइस, उद्यापासून तूच वाच!" कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

"काय म्हणतायत?" न्यायाधीशाने विचारलं.

मला शपथ होती, तरी मी तिचं शेवटचं वाक्यच सांगितलं. "या शब्दाचा अर्थ आपल्याला माहीत आहे, असं ती बाई म्हणते."

नेमेसियानचा चेहरा खुलला. "अरे वा. कागद याच गावचा आहे. गावात शब्द ज्या अर्थाने चालतो तोच अर्थ धरायचा. विचार सगळ्यांना, पाइस म्हणजे काय?"

मी विचारलं. मला विचारावंच लागलं. आणि वीस-तीस तोंडांतून एकदम उत्तर आलं, रविवारी प्रार्थनेला येतं तसं, एका सुरात: "गुलाम!"

कोप्रियाशी कुणाचं वैर नव्हतं. तिने विणलेली चादर नाही असं घर गावात सापडलं नसतं. त्यांना वाटलं पाठ विचारला जातोय, आणि पाठ त्यांना येत होता. सगळ्यात आधी तापसोइसला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई," ती म्हणाली, "हिच्याबद्दल विचारत होते?"

कोप्रिया वळून लोकांकडे बघत होती, एकेका चेहऱ्याकडे.

"काय म्हणाले?" न्यायाधीश म्हणाला. "दुभाष्या? झोपलास का?"

मला एकच शब्द ग्रीकमध्ये सांगायचा होता, आणि या वेळी पाइस म्हणून चालणार नव्हतं. दूलोस म्हणावं लागणार होतं. तो शब्द तोंडातून निघाला की कागदावर चढणार होता.

"साहेब," मी म्हणालो, "ते काय म्हणाले ते सांगतो. पण ते माझं आहे, त्यांचं नाही."

पुढचं प्रत्येक वाक्य मी दोनदा बोललो, आधी ग्रीकमध्ये, मग मिसरीत, कारण दुसरा दुभाष्या नव्हता. मी म्हणालो, हे लोक म्हणतात, पाइस म्हणजे गुलाम. त्यांना हे मी शिकवलं. मला ते जकात नाक्यावर एक कारकून म्हाताऱ्या हमालावर ओरडायचा त्यातून कळलं. मेलेल्या मुलीच्या गोष्टीतही हाच शब्द आहे, तिथे मी लेकरा म्हणतो. एकाच शब्दाचे मी दोन केले आणि कुणाला सांगितलं नाही. मग शेवटचं वाक्य बोललो: या कागदातला दुभाष्या मीच आहे.

ग्रीकमध्ये ते म्हणालो तेव्हा हेरोनने चमकून पाहिलं. मिसरीत म्हणालो तेव्हा कोप्रियाने.

"मग भानगड मिटली," न्यायाधीश म्हणाला. "तूच सांग. म्हातारी तुझ्याशी बोलली. कुठला शब्द वापरला?"

माश्यांचा आवाज येत होता. आपा सिल्वान माझ्याकडे बघत नव्हते. एक शब्द म्हणायचा होता. तो खोटाच असेल असंही नव्हतं. निम्मी शक्यता होती की तो खराच आहे. पण ती निम्मी शक्यता घेऊन पुस्तकावर हात ठेवायचा म्हणजे मी चौदा वर्षं जे करत होतो तेच परत करायचं, फक्त या वेळी समजून-उमजून.

"आठवत नाही," मी म्हणालो. "त्या दिवशीच्या गाढववाल्याच्या शिव्या आठवतात, तो शब्द नाही." दोनदा.

हेरोन हसला. "दुभाष्या आहेस का फुटका रांजण? साहेब, याला गाढववाल्याच्या शिव्या आठवतात, कामाचं तेवढं आठवत नाही!"

नेमेसियान हसला नाही. त्याने कागद पुन्हा वाचला, तळाची ओळ दोनदा वाचली, आणि अंगवस्त्राच्या टोकाने मान पुसली. मग त्याने निकाल दिला आणि मी तो गावाला सांगितला. कागदात म्हातारीचा शब्द नाही, दुभाष्याचा आहे, आणि तो शब्द कशाचा हे दुभाष्यालाच माहीत नाही. अशी शंका असली की निकाल सुटकेच्या बाजूने द्यायचा. घर आणि माग हेरोनचे, त्याबद्दल शंका नाही. मुलगी तिची स्वतःची. मात्र ती ताहात्रेची लेक आहे हेही सिद्ध झालेलं नाही, म्हणून तिने त्या घरातलं काही मागू नये.

हेरोन गाढवावर बसताना मला म्हणाला, "तुझं ग्रीक नाक्यावरचंच आहे, हे निदान खरं बोललास."

लोक पांगले. ओन्नोफ्रीस, मागच्या ओळीतला, कोठाराच्या भिंतीशी थांबला होता. साठीचा माणूस, अजून ओझी वाहतो.

"म्हणजे अंमलदाराच्या घरचा तो आजारी आमच्यातला नव्हता?" त्याने विचारलं.

"असेलही. मला माहीत नाही, दादा."

"मग इतकी वर्षं इतकं ठामपणे कशाला सांगत होतास?"

तो माझ्या पायाशी थुंकला. तोंडातली धूळ थुंकावी तसा थुंकला, रागाने नाही, आणि ते जास्त लागलं.

आपा सिल्वान यांनी त्याच संध्याकाळी निरोप पाठवला. काही रविवार पाठ नुसता ग्रीकमध्ये होईल. मी यावं, पण लोकांत उभं राहावं.

दोन दिवसांनी कोप्रिया तळ्यापलीकडे निघाली. तिथल्या एका विणकराकडे तिला काम मिळालं होतं. धक्क्यावर होडी भरत होती, खारवलेल्या माशांच्या टोपल्या चढत होत्या. मी तिला भाकरी आणि कांदे घेऊन गेलो. तिने ते घेतले.

"तळाची ओळ त्या दिवशी वाचली नाहीत," ती म्हणाली.

"नाही वाचली."

"वाचली असतीत तर मी चार दिवस तुम्हालाच छळलं असतं. आठवेपर्यंत."

"तरी आठवलं नसतं, पोरी."

"असं कसं, काका? त्या गाढववाल्याच्या शिव्या आठवतात..." ती थांबली. मग म्हणाली, "सुटले, ते चांगलंच झालं. सगळे म्हणतात, सुटलीस, सुटलीस. पण मला ते नव्हतं विचारायचं."

तिने गाठोडं खाली ठेवलं. "दोन्ही म्हणून दाखवा."

"काय?"

"दोन्ही वाक्यं. तिच्यासारखी. सणाला तुम्ही तिची नक्कल करायचात, दात पडलेली, श्वास घेत घेत. ती स्वतःच सगळ्यात जास्त हसायची. तसं म्हणा. मी ऐकते. कुठलं तिचं आहे ते मला कळेल."

मी आजूबाजूला पाहिलं. हमाल त्यांच्या कामात होते. मी खांदे उतरवले, ओठ आत ओढले, आणि ताहात्रेच्या आवाजात, मधे श्वास घेत म्हणालो, "माझं लेकरू कोप्रिया... हेरोनच्या हाती सोपवते."

तिने डोळे मिटले होते. "दुसरं."

"माझी गुलाम कोप्रिया... हेरोनच्या हाती सोपवते."

"आता उलटं. आधी दुसरं, मग पहिलं."

मी उलटं म्हणालो. दोन्हींत श्वास एकाच जागी घेतला, आवाज तेवढाच ठेवला, कुठल्याही बाजूला झुकू दिला नाही. ती डोळे मिटूनच उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, बहुधा तीही म्हणून बघत होती.

"दोन्ही तिचीच वाटतात," ती म्हणाली.

होडीवाल्याने हाक मारली. तिने गाठोडं उचललं, फळीवर पाय ठेवला आणि मागे वळली.

"विसरायला तुम्हाला बरं जमतं, काका," ती म्हणाली. "त्यातलं एक विसरून जा."

कुठलं, ते मी विचारलं नाही.